पहिल्या दुधाचे वाटे

म्हाळाच्या, पितरांच्या श्राद्धाच्या, दिवशीच पुनव गाय विणार हे घरात सगळ्यांच्या आधी वत्सलाला कळलं, आणि तेही झोपेत कळलं. ती माहेरच्या, चोपड्याच्या, नदीत गुडघाभर पाण्यात उभी होती, पाणी कोमट होतं आणि पैलतीरावरून कुणीतरी तिला हाक मारत होतं. हाकेचा हंबरडा झाला, तिचे डोळे उघडले आणि पांघरूण तसंच टाकून ती गोठ्याकडे निघाली. बाहेर नुकतं उजाडत होतं. कारापूरच्या शेतांवर भाद्रपदातलं पांढरं धुकं पसरलं होतं, भात पोटरीला आलं होतं आणि खाणीवरचे ट्रक अजून सुरू व्हायचे होते.

अशा स्वप्नांची वत्सलाला सवय होती. खरं तर जागेपणीही तिचं तसंच चाले. चुलीवरचं दूध उतू जाताना ती त्याच्याकडेच टक लावून बघत असायची, आणि थोरली जाऊ सुमंगला माजघरातून ओरडायची, "अगो, दूध गेला! खंय आसस तू?" "हंयच आसंय, वैनी," असं वत्सला अगदी मनापासून सांगायची. तोवर निम्मं दूध निखाऱ्यांवर गेलेलं असायचं.

आज मात्र तिला इथंच असणं भाग होतं. चतुर्थीचा गणपती पोचवून आल्यावर तिचे थोरले दीर गोकुळदास सोप्यावर बसून जे बोलले, ते तिने जनेलाच्या झडपेआडून ऐकलं होतं. पुनवेची लागोपाठ तीन वासरं गेली. तिन्ही धडधाकट जन्मली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हगवण लागून त्यांनी माना टाकल्या. तिन्ही वत्सलाच्या हाताखालची. आता हेही गेलं तर गाय विकायची आणि वत्सलाला तिच्या भावाकडे, चोपड्याला, कायमचं पाठवायचं. तिचा हात या घराला लाभत नाही, माणसांना नाही आणि गुरांनाही नाही. गोकुळदास हे रागाने बोलले असते तर तिला एवढं लागलं नसतं. ते थकल्यासारखे बोलले. तिच्या भावाला, धाकूला, निरोपही गेला होता: गाय म्हाळाच्या सुमाराला विणार, म्हाळानंतर दोन दिवसांनी ये, तोवर काय ते दिसेल.

वत्सलाला याचा राग आला नव्हता. तिला स्वतःलाही ते पटलेलं होतं, आणि सगळ्यात वाईट हेच होतं.

गोठ्यात कमलाक्षी तिच्या आधीच येऊन बसली होती, पालथ्या बाल्दीवर, गुडघ्यांवर हनुवटी टेकून. गोकुळदासांची ही मुलगी मुंबईला गुरांची डॉक्टर झाली होती आणि तिथेच संशोधनाला लागली होती. गोवा राज्य झालं त्या वर्षी, पुनवेचं तिसरं वासरू गेलं तेव्हा, ती सुट्टीवर आली होती. मरायला टेकलेल्या वासराच्या मानेतून तिने सुईने रक्त घेतलं, म्हणून घरात केवढा गहजब झाला होता! यंदा ती मुद्दाम पुनवेच्या दिवसांचा हिशेब करून आली होती. म्हाळाला लेक आली म्हणून बाप खूश होता. ती गाईसाठी आली आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"काकी, बस. अजून वेळ आहे," कमलाक्षी म्हणाली. "तुला एक सांगायचंय. पुनवेचं वासरू जन्माला येतं ना, ते रिकामं येतं."

"म्हणजे? पोट रिकामा?"

"रक्त रिकामं. हे बघ, अंगात एखादा रोग येऊन गेला की रक्त त्याला ओळखून ठेवतं. तोच रोग पुन्हा दारात आला, तर रक्त त्याच्यावर तुटून पडतं. पुनवेला लाळ-खुरी होऊन गेली, पावसाळ्यातले ताप होऊन गेले, या गोठ्यातली सगळी घाण तिने पचवली. त्या सगळ्यांची ओळख तिच्या रक्तात आहे. पण गाईची वार अशी असते की यातलं काहीच पोटातल्या वासराला पोचत नाही. ती ते सगळं चिकात साठवते. पहिल्या दुधात."

वत्सलाने पुनवेकडे पाहिलं. गाय पाय फाकवून उभी होती, कास तटतटली होती आणि डोळे अर्धे मिटलेले होते. इतक्या वर्षांचे ताप, इतक्या पावसाळ्यांची दुखणी त्या कासेत गोळा होऊन गोड झाली आहेत, असं वत्सलाच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिला ते फार आवडलं.

"मगे वासरान तो पिलो की झाला," ती म्हणाली.

"पिला तर! आणि लवकर पिला तर. वासराच्या आतड्याची वाट पहिले काही तासच उघडी असते. तेवढ्यात चीक गेला तर त्यातलं सगळं जसंच्या तसं रक्तात उतरतं. मग वाट बुजते. पुढे बाल्दीभर पाजलास तरी पोट भरेल, रक्त रिकामंच राहील. गेल्या वर्षीच्या वासराचं रक्त मी तपासलं काकी. त्यात काही म्हणजे काही नव्हतं."

वत्सलाने आपल्या हातांकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "पण पयलो चीक तर आमी वाटतांव."

ते खरं होतं. या घराची ती रीतच होती. गोकुळदासांच्या वडिलांनी आपल्या हयातीतच वाटण्या केल्या, जमीन वाटली, भांडी वाटली, माड मोजून वाटले. गाय मात्र वाटली नाही. चुली वेगळ्या झाल्या तरी व्यालेल्या गाईचा पहिला चीक चुलीगणिक एकेक लोटा जायचा आणि चारही घरांत एकाच दिवशी खरवस शिजायचा: गोकुळदासांकडे, वत्सलाच्या एकटीच्या चुलीवर, मुरगावला बंदरात नोकरी करणाऱ्या धाकट्या भावाकडे, सगुणाकडे, आणि वरच्या वाड्यावर चुलत भाऊ कृष्णनाथाकडे. वार पडून लोटे भरेपर्यंत वासराला थानाला लावायचं नाही, चीक जड असतो, बाधतो, असंही सगळे म्हणत. आणि पिळायचं काम वत्सलाचं. गावठी गाय, तिला चीक तो किती असणार! कुणाचा लोटा उणा पडू नये म्हणून वत्सला शेवटच्या थेंबापर्यंत पिळायची. बिनमुलाबाळाची विधवा, तिच्या हातून वाट्यात खोट राहिली असं कुणी म्हणायला नको.

"माज्या हातान," ती म्हणाली.

कमलाक्षीने तिचा हात धरला, पण तेवढ्यात पुनवेने मान वळवली आणि दोघी उठल्या.

आधी पांढरे, ओले खूर दिसले, मग त्यांवर टेकलेलं नाक. वत्सलाला वाटलं, वासरू झोपेतच येतंय, कुठल्यातरी लांबच्या पाण्यातून पोहत. मग ते एकदम सुटून गवतावर आलं. तांबूस पाडी, कालवड. पुनव चाटू लागली तशी ती शिंकली, आणि कमलाक्षी हसली. पाडीने थानाकडे तोंड वळवायच्या आत तिने मानेतून थोडं रक्त घेतलं आणि काचेच्या नळीत भरून ठेवलं. "हे आधीचं," एवढंच ती म्हणाली.

तेवढ्यात सुमंगला आली. म्हाळाचं सोवळं नेसलेली, कपाळावर घाम, आणि दोन्ही हातांत चिंचेने घासलेले चार पितळी लोटे.

"पाडी! बरा झाला गो बाय. वत्सला, वार पडली की लगेच पीळ. भटजी येवच्या आधी खरवस चुलीर चढाक होयो. सगुण इलो हा."

"आई, आज चीक वाटायचा नाही," कमलाक्षी म्हणाली. "सगळा पाडीला."

सुमंगलाने लेकीकडे पाहिलं, मग लोट्यांकडे. "तुज्या बापाशीक सांग जा. माका नको सांगू."

सोप्यावर जे चाललं होतं ते बघता सुमंगलाचं चुकत नव्हतं. सगुण स्कूटरवरून बायकोला, सुलोचनाला, घेऊन आला होता, पण घरात शिरला नव्हता. वाटणीत ट्रक थोरल्याकडे गेला तेव्हापासून भावाभावांत बोलणं नव्हतं. आईवडिलांच्या म्हाळाला यायचं, पानांना नमस्कार करायचा, गाय व्याली असली तर आपला लोटा घ्यायचा आणि जेवल्याशिवाय परत फिरायचं, असं तो ठरवून आला होता. आणि गोकुळदासांनी मनात वेगळंच मांडलं होतं. गाय नेमकी आज व्याली, हा त्यांना बाबांचाच आशीर्वाद वाटला. पितरांच्या पानावर खरवस वाढायचा आणि त्याच खरवसासाठी सगुणाचा हात धरून त्याला पंगतीला बसवायचं. म्हाताऱ्याच्या नावाने दिलेला घास सगुण नाकारणार नव्हता. भाऊ परत मिळवायला त्यांच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

म्हणून कमलाक्षीने सोप्यावर येऊन सगळं सांगितलं तेव्हा त्यांना ते पटेना.

"कमळ," ते म्हणाले, "तुका मुंबयेक धाडलंय ती बाबांची रीत मोडूक?"

"बाबा, रीत झाली तेव्हा दावणीला गाई भरलेल्या होत्या. एखादं वासरू गेलं तरी कोण मोजत होतं? आता एकच गाय आहे. आपण तिच्या वासरांच्या वाट्याचा खरवस करून खाल्ला. तीनदा."

सोप्याच्या दारात वत्सला उभी होती, नेहमीसारखी चौकटीच्या आत, पदर डोक्यावरून ओढून. तिला हे बोलणं लांबून, पाण्याखालून ऐकू येत होतं.

सगुण खांबाला टेकून उभा होता. तो कडवट हसला. "म्हणजे ह्या पण गेला. वाटणीत माका काय गावला? वर्साक एक लोटो. त्येच्यार पण आता पुतणी बसली."

"सगुणकाका, तुमच्या एकट्याचा नाही. चारही लोटे."

"तुजा शिक्षाण तुज्याकडे," सुलोचना मध्येच म्हणाली. ती पायरीवर बसून पायातला चिखल काडीने काढत होती. "चीक काडल्यार वासरां मेली, बरा. मगे काडलो कोणी? हात कोणाचो?"

दोन क्षणांपूर्वी जे पाप सगळ्या घराचं होतं ते पुन्हा एकटीच्या पदरात येऊन पडलं. वत्सला चौकट ओलांडून सोप्यावर आली. थोरल्या दिरापुढे ती कधी आली नव्हती, बोलायचं ते सुमंगलामार्फत बोलायची.

"माजोच हात," ती म्हणाली. तिने दोन्ही तळवे पुढे केले. "मीच पिळलंय. पाडसां समोर हंबरत होती, तरी पिळलंय. सगळ्यांक पुराक होया म्हणान."

"आयकलास?" सुलोचना म्हणाली. "वासरांचा सोडा. तिच्या स्वताच्या पोराचा काय झाला?"

वत्सलाचा नवरा शिवदास मांडवी नदीत खनिजाच्या बार्जवरून पडून गेला, त्याच वर्षी तिला मुलगी झाली होती. सव्वा महिना जगली. तिला तेव्हाच्या रीतीप्रमाणे पहिले दिवस गुळाचं पाणी पाजलं होतं आणि आईचं पहिलं दूध पिळून तुळशीखाली ओतलं होतं. एका रात्रीत तापाने गेली. तेव्हापासून या घरात त्या पोरीचं नाव कुणी काढलं नव्हतं, आणि पायगुण हा शब्द मात्र वत्सलाला चिकटला तो कायमचा. ती स्वतःही तेव्हापासून कुणाचं तान्हं मूल उचलून घेत नसे. कुणी दिलंच तर हात ओले आहेत म्हणायची.

"सुलोचना, पुरे!" हे सुमंगला म्हणाली, आणि सगळे चकित झाले. इतकी वर्षं पायगुणाची गोष्ट सगळ्यात जास्त वेळा तिच्याच तोंडून निघाली होती. तिच्या हातांत ते चार लोटे अजून होते. "हात तिचो आसतलो. लोटे कोण देय? मी. आज सकाळी पण चिंच लावन घासून मीच दिलंय. खरवस खाताना वेलची कमी पडली म्हणान तू तोंड वाकडा केलंस, ता माका याद आसा."

सुलोचनाची काडी मोडली. सगुण बायकोकडे न बघता म्हणाला, "वैनीक असा बोलाचा नाय." आणि हे तो वत्सलाकडे बघून म्हणाला.

गोकुळदास उठून उभे राहिले. "आजच्या दिसाक भांडान नको. बाबांच्या पानार खरवस होयो, बस. एक लोटो काडा. उरलेलो पाडीक."

"बाबा, एक लोटा म्हणजे चिकाचा चौथा वाटा," कमलाक्षी म्हणाली. "तेवढं रक्त तरी कुठलं रिकामं ठेवायचं ते सांगा."

बापलेकीची जुंपली. सगुणही त्यात पडला, आणि गंमत म्हणजे पुतणीच्या बाजूने. थोरल्याला विरोध करायची एवढी चांगली संधी तो कशी सोडणार! सगळे एकाच वेळी बोलत होते, म्हणून वत्सला सोप्यावरून निघून गेली ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

गोठ्यात ऊन उतरलं होतं. धुकं विरत होतं आणि तिरप्या उजेडात गवताची धूळ सावकाश फिरत होती. पाडी चार पायांवर उभी राहायला शिकली होती, पडत होती, पुन्हा उठत होती. वत्सला तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि थांबली. हात लावावा की लावू नये? कमलाक्षी काहीही सांगो, हे हात तेच होते. या हातांनी शिवदासाला डबा बांधून दिला होता, या हातांनी पोरीला न्हाऊ घातलं होतं. क्षणभर तिला वाटलं, उठावं, ट्रंक घ्यावी आणि धाकूची वाट न बघता चालू लागावं. म्हणजे ही तरी जगेल.

पाडीने तिचा अंगठा तोंडात धरला आणि ओढायला लागली. काही येत नव्हतं तरी ओढत होती. "अगो, थंय नाय," ती म्हणाली, आणि तिने दोन्ही हातांनी पाडीला छातीशी उचललं, पुनवेच्या कासेखाली नेलं आणि थान तिच्या तोंडात दिलं. पाडी आधी गडबडली, मग तिला सापडलं. शेपटी हलू लागली. जाड, पिवळा चीक तिच्या ओठांच्या कडेने फेसाळला. वत्सला तिला धरून बसली. किती वेळ बसली कोण जाणे. पुनवेचे सगळे पावसाळे घोटाघोटाने पाडीत उतरत होते, असं तिला दिसत होतं.

मागे सावली पडली. सुमंगला होती. तिने बघितलं आणि हातातले लोटे गोठ्याच्या भिंतीवर एकेक करून पालथे मांडले.

"वैनी, भावजी रागवतले," वत्सला म्हणाली.

"रागवांदेत. मी आसंय."

गोकुळदास रागावले नाहीत. म्हाळ झाला, पिंड झाले, पानं वाढली. खरवसाच्या जागी त्यांनी पितरांच्या पानावर थोडा गूळ ठेवला आणि हात जोडले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बाबांची माफी मागत असावेत. मग ते सोप्यावर आले आणि सगुणाला सरळ म्हणाले, "खरवस नाय. कोणाकच नाय. तुका देवक माज्याकडे आज काय नाय. तरी जेवन जा."

इतका उघडा पडलेला थोरला भाऊ सगुणाने कधी बघितला नव्हता. "कोणाकच नाय तर मी एकटो कसो रुसू?" तो म्हणाला आणि पाय धुवायला गेला. जेवल्यावर त्याने बंदरात निरोप धाडून दोन दिवसांची रजा काढली. पाडीचं काय होतं ते बघायचंय, म्हणाला. सुलोचनाला घरची काळजी होती, पण तीही राहिली.

ते दोन दिवस घर वेगळंच झालं. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. ट्रकांची तांबडी धूळ पानांवर बसत होती, दुपारी कौलांतून उन्हाचे कवडसे उतरत होते, आणि काही ना काही निमित्त काढून प्रत्येक जण गोठ्याकडे जाऊन येत होता. गोकुळदासही गेले. आपण दाव्याची गाठ बघायला गेलो होतो, असं त्यांनी कुणी न विचारताच सांगितलं. वत्सला गोठ्यातच असे. तिला जागेपणी आणि झोपेत फारसा फरक उरला नव्हता. दोन्हीकडे पाडी पीत होती.

दुसऱ्या दिवशी पाडीला थोडी हगवण लागली. सुलोचना सगळ्यांच्या आधी ते बघून आली आणि काही बोलली नाही, एवढं मात्र तिच्या बाजूने म्हणायला हवं. वत्सलाने संध्याकाळी आपली दोन लुगडी ट्रंकेत घडी करून ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकू आला. शापोरा नदी फेरीबोटीने ओलांडून, म्हापसा, डिचोली करत, हातात पिशवीभर सुके बांगडे. त्याला कुणीतरी कपभर चहा दिला. तो बसला तिथेच मेजाशी कमलाक्षी उभी होती, आणि जनेलातल्या उजेडात तिच्यापुढे दोन काचेच्या नळ्या होत्या. सगळे तिथेच जमले होते.

"ह्या नळीत पाडीचं चीक प्यायच्या आधीचं रक्त. म्हणजे रक्तातलं वरचं पाणी. आणि ह्या नळीत काल घेतलेलं," ती म्हणाली. "दोन्हींत मी झिंक सल्फेटचं पाणी घातलं होतं. आईने दिलेलं काही रक्तात असलं तर पाणी गढूळ होतं."

तिने नळ्या वर धरल्या. पहिलीतून जनेलाबाहेरचा माड स्वच्छ दिसत होता. दुसरी पेजेच्या निवळीसारखी पांढरट झाली होती, पलीकडचं काही दिसत नव्हतं.

सगुणाने नळी हातात घेऊन उजेडात फिरवली आणि भावाकडे दिली. गोकुळदासांनी ती बराच वेळ बघितली.

"म्हणजे ती वाचतली?" त्यांनी विचारलं.

"ते नाही सांगता येत, बाबा. हगवण आज कमी आहे, पण संशोधन म्हणजे काही कौल लावणं नव्हे. एवढं नक्की, की ह्या वेळी ती एकटी लढत नाही."

गोकुळदासांनी नळी जपून मेजावर ठेवली आणि धाकूकडे वळले. "तुका उगीच तरास दिलो. हिका न्हेवची गरज नाय. पाडी बरी आसा."

धाकूने बहिणीकडे पाहिलं. सगळ्यांना वाटलं, वत्सला आता डोळे पुसेल आणि आत जाईल.

"आणि मेली तर?" वत्सला म्हणाली.

तिचा आवाज शांत होता. ती थेट गोकुळदासांकडे बघत होती. "भावजी, उद्या मेली तर? पुढल्या वर्सा दुसरा काय झाला तर? मी परत ट्रंक भरूची? तसा आसात तर मी आजच जातंय. पाडीच्या जिवार माका रवाचा नाय."

गोकुळदासांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो ओसरला आणि एक म्हातारा माणूस उरला.

"मेली तरी," ते म्हणाले. "ह्या तुजा घर. चुकला आमचा सगळ्यांचा."

वत्सलाने मान हलवली. तिला हवं होतं ते मिळालं होतं, आणि तरी ती हलली नाही. मेजावरच्या त्या पांढऱ्या नळीकडे ती बघत राहिली. मग कमलाक्षीकडे न बघताच, इतकी वर्षं जे विचारायची भीती वाटली ते तिने विचारलं.

"कमळ, माज्या चेडवाक पण पयला दूध दिलेला नाय. ती पण अशीच... रिकामी इली आणि रिकामी गेली?"

कमलाक्षी मेजाला वळसा घालून तिच्याजवळ आली. "नाही काकी. माणसाचं गाईसारखं नसतं. माणसाची आई पोटातच देते, नाळेतून. तुला लहानपणी गोवर आला असेल, कांजिण्या आल्या असतील, इथले नाना ताप आले असतील, त्या सगळ्यांची ओळख तू तिला जन्माआधीच दिली होतीस. पहिलं दूध मिळतं तर आणखी बळ मिळालं असतं, हे खोटं नाही. ती कशाने गेली ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण रिकामी नव्हती ती."

"मी दिलंय?"

"तूच. शेवटच्या महिन्यांत तर रोज."

"माका तर कळला पण नाय."

"कळायला लागत नाही, काकी. तू काम करत होतीस तेव्हा, झोपली होतीस तेव्हा, स्वप्नं बघत होतीस तेव्हाही जात होतं."

वत्सला खाली बसली. रडली, पण आवाज करून रडली नाही. सुलोचना उठून तिच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली. बाहेर ट्रक गेले, जनेलाची काच थोडी थरथरली आणि थांबली.

"शेवंती," वत्सला म्हणाली. तिने मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. "माज्या चेडवाचा नाव शेवंती होता."

सुमंगलाने पदर तोंडाला लावला, सगुण दाराबाहेर बघू लागला. गोकुळदास मेजाचा आधार घेऊन उभे होते. त्यांचे ओठ दोनदा हलले, आवाज फुटला नाही. तिसऱ्यांदा फुटला.

"शेवंती," ते म्हणाले.